एका चुलीची वस्ती

अजूनही कुणीतरी फोन करतं आणि "तुमच्या त्या प्रयोगाबद्दल थोडं बोलायचं होतं" असं म्हणतं. बहुतेक तरुण पोरं असतात, पुण्या-बंगलोरकडची, आवाजात आदर असतो. जंगलाला लागून जमीन घ्यायची, वीज घ्यायची नाही, नळ घ्यायचा नाही, चार-सहा माणसांनी एकत्र राहायचं, हे कसं जमवलंत ते त्यांना हवं असतं. मी सांगते, की प्रयोग करणारे वेगळे होते, मी जिच्यावर तो झाला ती. मग ती पोरं गडबडतात आणि नवऱ्याचा नंबर मागतात. तो मी लगेच देते, कारण या विषयावर बोलायला त्याला मनापासून आवडतं.

नवऱ्याशी बोलताना मी त्याला अहो म्हणते, चारचौघींत "आमचे हे" म्हणते. लिहिताना तेवढा मान द्यायचं मला काही कारण दिसत नाही, म्हणून इथे तो "तो"च राहील.

तो चंद्रपूरला वीज केंद्रात इंजिनिअर होता. मी शाळेत शिकवत होते. त्याच्या शिफ्टा आणि माझी शाळा यांच्यामध्ये आमचा संसार दारातल्या दारात झाला. तो आत येतोय, मी बाहेर पडतेय. डब्यात काय आहे, पोरीला ताप आहे, गॅस संपलाय, एवढं बोलून एकाने चप्पल घालायची आणि दुसऱ्याने काढायची. घरी असला तरी दिवसा झोपलेला असे, आणि मी नि पोरगी पावलं न वाजवता वावरायचो. त्या शहरात खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काळं होतं. मी रोज पुसायची आणि मनात म्हणायची, एकदा हा रिटायर झाला की दोघं मिळून दुपारचा चहा पिऊ. माझी महत्त्वाकांक्षा एवढीच होती, कुणाला हसायचं तर हसावं.

मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली. त्यानंतर त्याने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि एका शिबिराला जाऊन आला. आला तो वेगळाच माणूस होऊन. जन्मभर वीज बनवली, आता एक युनिट वापरणार नाही, असं म्हणायला लागला. मी हसले. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून दाखवा, म्हटलं. तो हसला नाही. मग एका संध्याकाळी, माझ्या शेजारी बसून, फार हळू आवाजात म्हणाला, "आता कुठली ड्युटी नाई. आपण दोघं दिवसभर सोबत राहू. तुले पाहिजे होतं ना तेच."

त्या वाक्यावर मी गेले. पर्यावरणासाठी नाही, स्वावलंबनासाठी नाही, पृथ्वी वाचवायला तर मुळीच नाही. माझीही नोकरी मी मुदतीआधीच सोडली आणि गेले, कारण हा माणूस शेवटी दिवसाउजेडी माझ्या घरात असणार होता.

जमीन गोंडपिपरीच्या पुढे, रस्ता सोडून आत, जंगलाच्या हद्दीला टेकलेली. तिचा मालक शहरात राहायला गेला होता. धानाच्या बांध्या, पाणी साठवायला एक लहान बोडी, एक बांधलेली विहीर, मोहाची मोठी झाडं. आम्ही सहा जण होतो. भाऊ हे म्होरके. त्यांचं आयुष्य संस्थांमध्ये गेलेलं, पांढरी दाढी, शांत बोलणं, समोरच्याचं ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय. वहिनी त्यांची बायको, गुडघ्यांनी अधू, हसरी आणि गप्प. पुण्याचं एक तरुण जोडपं, दोघंही कॉम्प्युटरवाली, मला काकू म्हणायची. आणि आम्ही दोघं. बांबूचे ताटवे, मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, अशा तीन झोपड्या बांधल्या आणि मध्ये एक मोठा मांडव. मांडवाच्या एका टोकाला चूल.

नियम तीन होते. वीज नाही. पैसे देऊन कुणाला कामाला ठेवायचं नाही. आणि सगळ्या वस्तीची चूल एकच. चौथा नियम हा नियम करण्याचा नियम होता, आणि भाऊंचा सगळ्यात लाडका तोच. इकडच्या जंगलगावांत ग्रामसभा एकमताने चालते, सगळे राजी होईपर्यंत लोक बसून राहतात, हे भाऊंनी पाहिलं होतं. तेच त्यांनी आमच्याकडे आणलं. दर गुरुवारी मांडवात गोल करून बसायचं, विषय मांडायचा, आणि एकेकाने म्हणायचं, "माझी हरकत नाही." एकाने जरी "माझी हरकत आहे" म्हटलं तर विषय तिथेच संपला. कारण द्यायची गरज नाही. कारण मागणं हीसुद्धा हिंसा आहे, असं भाऊ म्हणत. मला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं.

पहिलं वर्ष खरंच चांगलं गेलं, ते नाकारून मी खोटं कशाला बोलू. रोवणी आम्ही सगळ्यांनी केली, वाकडीतिकडी, आणि जवळच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, बायका बांधावर उभ्या राहून पोट धरून हसल्या. मग त्यातल्याच काही उतरल्या आणि आमच्या ओळी त्यांनी सरळ केल्या. रानडुकरांनी निम्मं धान खाल्लं तरी आमच्या तांदळाचा पहिला भात शिजला तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि संध्याकाळी, उजेड जायच्या आधी, नवरा माझ्याजवळ ओट्यावर बसून लाखोळीच्या शेंगा सोलायचा. काही विशेष बोलायचा नाही. कधी विहिरीच्या कप्पीला तेल द्यायला पाहिजे म्हणायचा, कधी आपल्या आईची एखादी आठवण सांगायचा, जी मी तीस वर्षांत ऐकली नव्हती. मला वाटायचं, मिळालं.

चुलीची गोष्ट हळूहळू कळत गेली. स्वयंपाकाला पाळ्या लावल्या होत्या, बाई-पुरुष भेद नाही, प्रत्येकाची पाळी. भाऊंच्या पाळीच्या दिवशी त्यांना कच्च्या अन्नाचं महत्त्व आठवायचं. त्या दिवशी वस्ती मोड आलेले हरभरे, काकडी आणि केळी खायची, आणि संध्याकाळी उपाशी पोटी मी गुपचूप सगळ्यांसाठी भात लावायची. नवरा पाळीच्या दिवशी खिचडी करायचा. खिचडी करताना तांदूळ कुठे, डाळ कुठे, हळद कुठली आणि पाणी किती, हे त्याला दर वेळी नव्याने सांगावं लागायचं, तेव्हा ती खिचडी त्याच्या हाताने मीच करायची. पुण्याचा मुलगा निरनिराळी भरडधान्यं शिजवून बघायचा आणि भांडी तशीच टाकून विचार करायला जायचा. वहिनींना खाली बसवत नव्हतं. पुण्याच्या मुलीला दिवस गेले, धुराने उलट्या व्हायला लागल्या, आणि ती आईकडे गेली ती गेलीच. तिला मी दोष देत नाही, मीच तिची बॅग भरली.

राहिली कोण? राहिले मी. सकाळी चुलीला पोतेरं, मग सरपण, मग फुंकणी. पावसाळ्यात लाकूड ओलं, डोळे लाल, खोकला. मिरची पाट्यावर, पीठ जात्यावर, पाणी विहिरीतून ओढून. साधं जगणं फार मेहनतीचं असतं, आणि ती मेहनत कुणाच्या तरी पाठीत जाते, हे मला कुठल्या शिबिरात कुणी सांगितलं नाही. टोल्यावरची एक बाई मोहफुलं वेचायला आमच्या जमिनीत येई, तिची माझी ओळख झाली होती. ती म्हणाली, मी येत जाईन हाताखाली, काय द्यायचं ते द्या. पण पैसे देऊन कुणाला ठेवायचं नाही, हे तत्त्व होतं. बायकोला न देता ठेवायचं, याला बहुधा तत्त्वाची अडचण नव्हती.

भाऊंच्या मोबाइलपुरतं एक लहान सौर पॅनल मात्र एकमताने पास झालं होतं. बाहेरच्या जगाशी संवाद राहिला पाहिजे, म्हणून.

त्या मोबाइलमधून शिबिरं आली. भाऊंनी फोटो टाकले, लोकांनी विचारलं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी माणसं यायला लागली. वीस-पंचवीस जण, पाठीवर सॅक, डोक्यावर कापडी टोप्या. मोहाखाली सतरंज्या अंथरायच्या, त्यांना स्वावलंबी जीवन शिकवायचं, आणि दोन वेळचं जेवण मांडवातून. आणि या शिबिरांचं सगळ्यात मोठं आकर्षण कोण होता, तर माझा नवरा. जन्मभर वीज बनवणारा माणूस विजेशिवाय राहतो! तो उभा राहिला की पोरं वह्या काढायची. जो माणूस घरात चार शब्द बोलायचा नाही तो तिथे दोन दोन तास बोलायचा, आणि छान बोलायचा. मी भाकऱ्या थापता थापता ऐकायची. आईच्या त्या आठवणी, ज्या त्याने ओट्यावर मला सांगितल्या होत्या, त्या आता भाषणात यायला लागल्या. लोक हसायचे तिथे हसायचे, हळवे व्हायचे तिथे हळवे व्हायचे. शेंगा सोलायला तो येईनासा झाला. शिबिर नसेल तेव्हाही तो पुढच्या शिबिराचं बोलणं तयार करत मोहाखाली बसलेला असायचा.

एकदा एका पोरीने जेवताना मला विचारलं, काकू, तुमचं इथलं योगदान काय? मी म्हटलं, तू खातेयस ते. ती हसली, तिला वाटलं मी गंमत केली.

मग मी ठरवलं, आपलं मागणं मांडायचं. ते फार मोठं नव्हतं. आमच्या झोपडीच्या पडवीत मला एक लहान चूल मांडायची होती, आम्हा दोघांपुरती. पाळीच्या दिवशी मी मोठ्या चुलीवर सगळ्यांचं करीन, शिबिरात दोन दिवस मदतही करीन, बाकी दिवस आपलं घर, आपला भात, आपला चहा. मनातलं खरं असं होतं, की स्वतःची चूल असली की तो जेवायला तरी माझ्यासमोर बसेल. हे बैठकीत सांगायचं नसतं, म्हणून मी फक्त चुलीचं सांगितलं.

गुरुवारी गोल बसलो. मी मांडलं. वहिनी माझं वाक्य संपायच्या आत म्हणाल्या, माझी हरकत नाही. पुण्याच्या मुलाने मान हलवली, हरकत नाही. भाऊंनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग एका चुलीमागचा विचार सांगितला, आपल्याला यातना होताहेत हे सांगितलं, आणि म्हणाले, तरीही बाईंच्या कष्टांपुढे माझी हरकत नाही. मला त्या क्षणी भाऊंच्या पाया पडावंसं वाटलं. उरला नवरा. तो माझ्या डाव्या हाताला बसला होता, म्हणून शेवटी आला, एवढंच. वहिनी तर सावकाश उठायलाही लागल्या होत्या.

"माझी हरकत आहे," तो म्हणाला.

कारण द्यायची गरज नव्हती, पण भाषणाची सवय लागली की ती सुटत नाही. चूल फुटली की घर फुटतं, म्हणाला. इथे येणाऱ्या प्रत्येकाला आपण सांगतो की ही वस्ती एका चुलीवर जेवते. उद्या दोन जागी धूर दिसला तर त्यांना काय तोंड दाखवायचं? सगळं बोलणं त्याने भाऊंकडे बघून केलं. माझ्याकडे बघितलं नाही. विषय संपला. जेवायची वेळ झाली होती, म्हणून मी उठले आणि भाताचं आधण ठेवलं. त्या दिवशी त्याने कढी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तो एकटा सापडला तेव्हा मी विचारलं, "तुम्ही काऊन असं केलं?"

"तुझा प्रश्न नव्हता तो," तो म्हणाला, "तत्त्वाचा होता." आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला, जसं शिबिरातल्या पोरांना थोपटायचा तसं.

राग मला आधीपासून येतो, आमच्या माहेरी सगळ्यांना येतो. पण तो येऊन जातो, दुधासारखा, वर येतो नि खाली बसतो. हा बसला नाही. पुढच्या गुरुवारी भाऊंनी विषय मांडला, की येत्या महिन्यात शिक्षकांचं मोठं शिबिर घेऊ. हरकत नाही, हरकत नाही, हरकत नाही करत माझ्यापर्यंत आलं. मी म्हटलं, माझी हरकत आहे.

आधी सगळे हसले. मग थांबले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊंकडे. कारण ते मागू शकत नव्हते, आणि मी द्यायला बांधील नव्हते. शिबिर बारगळलं.

त्यानंतर मी अडवत गेले. भाऊंची ध्यानाची झोपडी अडवली. नाशिकहून एक कुटुंब राहायला येणार होतं, ते अडवलं. त्यातली बाई मनाने बरी वाटली होती, म्हणून तर अडवलं, नाहीतर तीही चुलीला जुंपली गेली असती. नवऱ्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिबिरात वस्तीतर्फे पाठवायचं होतं, ते अडवलं. बियाणं, कवेलू, बोडीचा फुटलेला बांध, अशा कामाच्या गोष्टींना मी कधी हरकत घेतली नाही. त्यामुळे मला वेडी ठरवायची सोय नव्हती. मला त्या बैठका आवडायला लागल्या होत्या, हेही सांगते. दोन वर्षं ज्यांना माझ्या हातचं मीठ कमी-जास्त झालेलं तेवढं कळायचं, ते आता माझ्या तोंडाकडे बघत बसायचे.

भाऊ मला समजावायला येत. एकमताचा आत्मा, मी-पण सोडणं, असं पुष्कळ बोलत. वहिनी मागे उभ्या राहून पदराने तोंड पुसत, आणि मला शंका आहे की त्या हसत असत. नवरा बोलायचाच बंद झाला. माझं काय बिघडलं, काय दुखलं, हे त्याने एकदाही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाला, तू मला लोकांत खाली पाहायला लावून राहिली.

टोल्यावरच्या त्या बाईला मी हे सगळं सांगितलं होतं. मोहाखालचा पालापाचोळा जाळून ती जमीन साफ करत होती, फुलं दिसावी म्हणून. तिला आमच्या चुलीचं नवल वाटलं नाही, पण दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. "आमच्याकडं कोनी नाई म्हनलं तं गाव त्याच्या घरी जाऊन बसते," ती म्हणाली. "काऊन नाई म्हन्ते, पुसते त्याले. चहा पेते. मंग दोन दिवसानं पुन्हा जाते." आणि मला विचारलं, "तुमच्या घरी कोनी आलं नाई का बाई?"

मी म्हटलं, नाही. घरात जो होता तोच आला नाही, तर बाहेरून कोण येणार. हे बोलताना मला रडू आलं आणि तिने माझ्याकडे न बघता पाला ओढत राहायचा चांगुलपणा दाखवला.

शेवटी भाऊंनी तो विषय आणला जो आणायला त्यांना फार जड गेलं असेल. यापुढे निर्णय बहुमताने व्हावेत. पाच जणांत तिघे म्हणाले की झालं. सगळ्यांचे चेहरे सैलावलेले दिसले. आपसांत बोलून झालं होतं, नवऱ्याशी तर नक्कीच. पण एकमताचा नियम बदलायचा तर तो एकमतानेच बदलायला हवा होता, हे त्या चार शिकलेल्या माणसांच्या लक्षात माझी पाळी येईपर्यंत आलं नाही. माझ्या तरी लक्षात त्याआधी थोडं आलं होतं.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं.

पुण्याचा मुलगा खदाखदा हसायला लागला. इतका हसला की भाऊंना ते आवडलं नाही. महिन्याभरात तो बायको-लेकराकडे परत गेला, जाताना त्याची सगळी भरडधान्यं मला देऊन गेला. भाऊंनी आणखी एक सुगी वाट पाहिली आणि दुसऱ्या जिल्ह्यात कुणीतरी देऊ केलेल्या जागेवर निघाले, तिथे नियम नव्याने लिहिणार होते. वहिनी जीपमध्ये बसण्याआधी माझा हात धरून उभ्या राहिल्या. "असं म्हणता येतं, हे मला माहीतच नव्हतं," म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यांची तेलाची बाटली मांडवातच राहिली, ती मी धावत जाऊन दिली.

वस्ती मोडली ती मी मोडली, असं नवरा अजून लोकांना सांगतो. बरोबर सांगतो. मला त्याचं काही वाटत नाही. ती माझ्या पाठीवर उभी होती, मी पाठ काढून घेतली.

आता आम्ही दोघंच उरलो. मी खोटं बोलणार नाही, त्या दिवसांत मला आशा वाटायला लागली होती. शिबिरं नाहीत, भाऊ नाहीत, सतरंज्या नाहीत. मांडवातली मोठी चूल मी विझू दिली आणि पडवीत लहान चूल मांडली. कुणाला विचारलं नाही. त्याने ती पाहिली. मी चहा केला आणि त्याच्यासमोर बसले. तो चहा घेऊन मोहाखाली गेला.

मग रोज तेच. मी समोर बसायची, तो उठायचा. रागावलेला होता का? रागावला असता तर भांडलो असतो, आणि भांडणात माझा हात कुणी धरणार नाही. तो रागावलेला नव्हता. त्याला ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच त्याचं दुःख होतं. मी होते, पण मी त्यात धरली जात नव्हते. इतरांच्या शिबिरांतून बोलावणी यायला लागली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. कधी आलापल्लीकडे, कधी वडशाला, कधी नागपूरला, पिशवी उचलून जायचा आणि "आमचा प्रयोग" यावर बोलून यायचा. मी जंगलाच्या कडेला, माणसाचा आवाज नाही अशा जागी, एकटी. वाघाचे पंजे बोडीच्या चिखलात दिसायचे. पाणी आणायला जाताना मी डबा वाजवत जायची. शिफ्ट ड्युटी बरी होती. त्यात निदान पोरगी होती, शाळा होती, आणि तो कधी येणार ते माहीत असायचं.

गुरुवारची बैठक त्याने सोडली नव्हती. गावात असला की गुरुवारी सकाळी मांडवात जाऊन बसायचा, डोळे मिटून, भाऊंसारखा. मी जात नव्हते. पण एका गुरुवारी हातातलं काम टाकून गेले आणि त्याच्यासमोर बसले. त्याने डोळे उघडले.

मी म्हटलं, मला एक विषय मांडायचा आहे. त्याने मान हलवली. बैठकीत हलवायचा तशी, गंभीरपणे. मी म्हटलं, "मी चंद्रपूरला परत जाऊन राहीन म्हणते. कायमची."

हे मी का केलं ते मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. मला जायचं नव्हतं. मला त्याची हरकत हवी होती. भर बैठकीत, सगळ्यांसमोर, माझ्या एका चुलीला ज्याने हरकत घेतली, तो माणूस माझ्या जाण्याला घेईल असं मला वाटत होतं. एक शब्द पुरला असता. कारण मी मागितलं नसतं. मी उठून चहा ठेवला असता आणि मेल्यावरच त्या जागेवरून हलले असते.

त्याने विचार केला. खरंच केला, ते मला दिसलं, कपाळाला आठी पडली होती.

"माझी हरकत नाई," तो म्हणाला. "तुले तिकडं बरं वाटल."

मग जरा वेळाने, मी अजून तिथेच बसलेली पाहून, म्हणाला की जायच्या आधी जवसाची चटणी कुटून ठेवशील का, महिनाभर पुरेल एवढी.

मी उठले. जवस भाजले, लसूण सोलला, मिरची घातली, उखळात घालून कुटली आणि बरणी दाबून भरली. त्याच्या हरकत नाही म्हणण्याचा राग आता निवला आहे. मी ती चटणी कुटून दिली, त्याचा अजून येतो.